डेबियन सर्व्हरवरचे एसएसएच सुरक्षित करताना: कुलूप लावण्याआधी किल्ली चालवून पाहा

भाड्याने घेतलेला नवा सर्व्हर सार्वजनिक आयपी पत्त्यावर सुरू झाला की त्याच्या नोंदींमध्ये अनोळखी ठिकाणांहून आलेले लॉगिनचे प्रयत्न दिसू लागतात, आणि त्यासाठी बहुतेक वेळा फार वाट पाहावी लागत नाही. ‘रूट’, ‘ॲडमिन’, ‘टेस्ट’, ‘पोस्टग्रेस’ अशी नेहमीची नावे आणि त्यांना जोडलेले सोपे पासवर्ड घेऊन यंत्रेच हे काम दिवसरात्र करत असतात. सर्व्हर कोणाचा आहे, त्यावर काय आहे, याच्याशी त्यांना काही देणेघेणे नसते. उघडे दार सापडले की आत शिरायचे, एवढाच त्यांचा कार्यक्रम असतो. म्हणून सर्व्हरवर संकेतस्थळ किंवा डेटाबेस बसवण्याच्या आधी, पहिल्या तासाभरातच, एसएसएचचे (दुरून सर्व्हरमध्ये सुरक्षितपणे लॉगिन करण्याच्या पद्धतीचे) दार नीट करून घ्यावे. मात्र हे काम करताना हल्लेखोराइतकाच धोका स्वतःकडूनही असतो, कारण घाईत एक ओळ चुकली तर मालकच बाहेर राहतो. पुढील सर्व पायऱ्यांचा क्रम हा दुसरा धोका लक्षात घेऊन लावलेला आहे, त्यामुळे क्रम बदलू नये.

हे विवेचन डेबियन या लिनक्स प्रणालीच्या, जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या आवृत्त्या समोर ठेवून केले आहे. उबुंटू वापरणाऱ्यांना जिथे फरक पडतो तिथे तसे सांगितले आहे. आज्ञा, फायली आणि पर्यायांची नावे देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांत टंकायची आहेत, आणि लहान-मोठ्या अक्षराने अर्थ बदलत असेल तिथे तसा उल्लेख केला आहे.

आधी दुसरे दार शोधा

बहुतेक सर्व पुरवठादार त्यांच्या नियंत्रण-पॅनेलमध्ये ब्राउझरमधून चालणारा कन्सोल देतात. हा कन्सोल म्हणजे सर्व्हरला थेट पडदा आणि कीबोर्ड जोडल्यासारखा असतो. तो एसएसएचवरही अवलंबून नसतो आणि सर्व्हरच्या आतल्या फायरवॉलवरही नसतो. काहीही बदलण्याआधी तो उघडून त्यातून प्रत्यक्ष लॉगिन करून पाहावे. ‘लागला तर आहेच’ असे समजून पुढे गेलेल्या माणसाला, नेमकी गरज पडते त्या वेळी, आपल्याला रूट या सर्वाधिकारी खात्याचा पासवर्डच कधी दिला गेला नव्हता हे कळते. मी स्वतः एकदा परवानगीचा नियम घालण्याआधीच फायरवॉल सुरू केला होता. त्या रात्री कन्सोल उघडला खरा, पण तिथला कीबोर्डचा आराखडा वेगळा असल्यामुळे पासवर्डमधले विशेष चिन्ह वेगळेच उमटत होते आणि ते लक्षात यायला बराच वेळ गेला. तेव्हापासून कन्सोलसाठीचा पासवर्ड मी लांबलचक ठेवतो, पण त्यात फक्त अक्षरे आणि आकडे घेतो.

रोजच्या कामासाठी वेगळे खाते

रूट म्हणून थेट लॉगिन करण्याची सवय सोडावी. याचे एक कारण उघड आहे: हे खाते प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर असतेच, त्यामुळे हल्लेखोराला नावाचा अंदाज करावा लागत नाही. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. तिघेजण एकच रूट खाते वापरत असतील तर कोणी काय केले हे शोधणे अवघड होते, तर सुडो (आपल्या खात्यातून रूटच्या अधिकाराने एकेक आज्ञा देण्याची सोय) वापरले की प्रत्येक आज्ञेपुढे ती देणाऱ्याचे नाव राहते.

रूट म्हणून ‘ॲडयूजर’ ही आज्ञा देऊन खाते तयार करावे आणि मग त्याच आज्ञेपुढे खात्याचे नाव व ‘सुडो’ हे गटाचे नाव देऊन त्याला त्या गटात घालावे. ‘यूजरमॉड’ वापरणार असाल तर मोठ्या जी बरोबर लहान ए हा पर्याय विसरू नये. तो राहिला तर खाते इतर सर्व पूरक गटांतून बाहेर पडते. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये रूटचा पासवर्ड ठरवलेला असेल तर सुडो हे पॅकेज मुळात बसवलेलेच नसते. अशा वेळी ते ‘ॲप्ट’ या पॅकेजे बसवणाऱ्या आज्ञेने आधी बसवून घ्यावे. गटाचा बदल पुढच्या लॉगिनपासून लागू होतो, म्हणून बाहेर पडून पुन्हा आत यावे आणि ‘सुडो’ने एखादी साधी आज्ञा चालते का ते पाहावे.

किल्ल्यांची जोडी

एसएसएच मुळात जन्माला आले ते पासवर्डचोरीमुळे. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठातील तातू युलेनेन यांनी, त्यांच्या जाळ्यावर कोणीतरी जाता-येताचे पासवर्ड टिपत असल्याचे आढळल्यावर, टेलनेट या दुरून लॉगिन करण्याच्या जुन्या पद्धतीला पर्याय म्हणून ते लिहिले; फायली पाठवणाऱ्या एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३ यांच्यामधला २२ हा पोर्ट क्रमांक (सेवेच्या दाराचा नंबर) त्यांनी त्यासाठी मागून घेतला. आज आपण वापरतो ती ओपनएसएसएच ही आवृत्ती ओपनबीएसडी प्रकल्पाने १९९९ मध्ये आणली. एवढे सगळे होऊनही आपण एसएसएचमधून पुन्हा पासवर्डच पाठवत राहिलो, तर त्याचा अर्धा लाभ वाया जातो.

किल्ल्यांची जोडी नेहमी आपल्या संगणकावर तयार करावी, सर्व्हरवर नव्हे. ‘एसएसएच-कीजेन’ला ‘-टी’ पर्यायाने ‘ईडी२५५१९’ हा प्रकार द्यावा. ओपनएसएसएच ९.५ पासून हाच प्रकार न सांगताही निवडला जातो, पण जुन्या संगणकांवर तसे होत नाही, म्हणून तो स्पष्टपणे लिहिणे बरे. यातून दोन फायली तयार होतात. ‘डॉट पब’ने संपणारी सार्वजनिक किल्ली हे खरे तर कुलूप आहे, ते कोणालाही दिले तरी बिघडत नाही. दुसरी फाइल ही खासगी किल्ली, आणि ती आपल्या संगणकाबाहेर कधीही जाऊ नये. सहकाऱ्याने ‘जरा ईमेलवर पाठव’ म्हटले तर त्याला त्याची स्वतःची जोडी तयार करायला सांगावे.

आज्ञा पासफ्रेज, म्हणजे किल्लीचाच पासवर्ड, विचारेल, तेव्हा नुसते एंटर दाबून पुढे जाऊ नये. पासफ्रेज नसलेली किल्ली असलेला लॅपटॉप लोकलमध्ये विसरला गेला, तर ज्याच्या हाती तो पडेल त्याच्या हाती सर्व्हरही पडतो. दर वेळी टंकण्याचा कंटाळा उघडलेली किल्ली स्मरणात ठेवणारा ‘एसएसएच-एजंट’ दूर करतो. मात्र हा एजंट दूरच्या सर्व्हरवर पुढे नेण्याचा पर्याय सहसा वापरू नये, कारण त्या मधल्या सर्व्हरवर ज्याचा ताबा असेल त्याला, तुमचे सत्र चालू असेपर्यंत, तुमच्या नावाने पुढे जाता येते. एका सर्व्हरमधून दुसऱ्यावर जायचे असेल तर मोठ्या जे चा पर्याय आहे. त्यात मधला सर्व्हर केवळ वाट देतो, किल्ली पाहत नाही.

सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर नेण्यासाठी ‘एसएसएच-कॉपी-आयडी’ ही आज्ञा पुरते. ती आपल्या घरच्या फोल्डरातील ‘डॉट एसएसएच’ या फोल्डरात ‘ऑथोराइज्ड अंडरस्कोर कीज’ नावाच्या फाइलमध्ये एक ओळ जोडते. किल्ली बरोबर असूनही सर्व्हर पासवर्डच विचारत राहिला, तर दोष बहुधा परवानग्यांमध्ये असतो: फोल्डरची परवानगी ७०० आणि फाइलची ६०० ठेवावी, आणि घरच्या फोल्डरावर इतर कोणाला लिहिण्याची मुभा नसावी. तशी मुभा दिसली तर एसएसएच ती किल्ली गुपचूप नाकारते. कारण फक्त सर्व्हरच्या नोंदीत सापडते, तुमच्या पडद्यावर नाही.

समोर आपलाच सर्व्हर आहे ना?

पहिल्यांदा जोडणी करताना सर्व्हरचा ठसा (त्याच्या स्वतःच्या, म्हणजे यजमान किल्लीची ओळखखूण) दाखवून ‘पुढे जाऊ का’ असा प्रश्न येतो, आणि जवळजवळ सगळेच न वाचता ‘येस’ टंकतात. हा ठसा पडताळणे अजिबात कठीण नाही. मघाशी उघडलेल्या कन्सोलमध्ये ‘एसएसएच-कीजेन’ला ‘-एलएफ’ हा पर्याय आणि ‘ईटीसी’खालील ‘एसएसएच’ फोल्डरातल्या यजमान किल्लीच्या सार्वजनिक फाइलचे नाव दिले की तोच ठसा दिसतो; दोन्ही जुळवून पाहावेत. पुढे कधी ठसा बदलल्याचा मोठा इशारा आला आणि तुम्ही सर्व्हर नव्याने बसवलेला नसेल, तर जुनी नोंद पुसून पुढे जाण्याआधी कारण शोधावे.

पासवर्ड बंद करणे

सर्वाधिक लोक अडकतात ते या पायरीवर, आणि गंमत म्हणजे अडकल्याचे अनेकांना कळतही नाही. मुख्य फाइल ‘ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी अंडरस्कोर कॉन्फिग’ ही आहे. लोक ती उघडतात, ‘पासवर्डऑथेंटिकेशन’पुढे ‘नो’ लिहितात, सेवा पुन्हा सुरू करतात आणि निर्धास्त होतात. पासवर्ड मात्र चालूच राहतो.

असे होण्याचे कारण एसएसएचच्या वाचण्याच्या रीतीत आहे. अनेक प्रोग्रामांमध्ये नंतरची ओळ आधीच्या ओळीवर मात करते. इथे उलटे आहे, म्हणजे एखादा पर्याय पहिल्यांदा जिथे सापडतो तीच किंमत कायम होते आणि पुढच्या ओळी दुर्लक्षिल्या जातात. डेबियनच्या मुख्य फाइलमध्ये अगदी वर एक ‘इन्क्लूड’ची ओळ असते, जी ‘एसएसएचडी अंडरस्कोर कॉन्फिग डॉट डी’ या फोल्डरातील सर्व ‘कॉन्फ’ फायली आधी वाचते. भाड्याच्या सर्व्हरवर पहिल्या सुरुवातीची मांडणी करणारे क्लाउड-इनिट या फोल्डरात ५० या आकड्याने सुरू होणारी स्वतःची फाइल ठेवू शकते, आणि तिच्यात पासवर्डला ‘येस’ म्हटलेले असेल तर खाली तुम्ही लिहिलेल्या ‘नो’ला काही अर्थ उरत नाही.

यावरचा उपाय म्हणजे मुख्य फाइलला हात न लावता त्याच फोल्डरात १० या आकड्याने सुरू होणारी आपली फाइल तयार करणे, कारण फायली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात. तिच्यात ‘पर्मिटरूटलॉगिन’, ‘पासवर्डऑथेंटिकेशन’, ‘केबीडीइंटरॅक्टिव्हऑथेंटिकेशन’ आणि ‘एक्स११फॉरवर्डिंग’ या चौघांपुढे ‘नो’ लिहावे. तिसरा पर्याय विसरला तर पॅम या प्रमाणीकरण-व्यवस्थेमार्फत पासवर्डचा प्रश्न मागच्या दाराने परत येऊ शकतो. ‘यूजपॅम’ मात्र ‘येस’च राहू द्यावा, तो बंद केल्याने सत्रासंबंधीच्या इतर गोष्टी बिघडतात. शिवाय ‘अलाउग्रुप्स’पुढे एका खास गटाचे नाव द्यावे आणि फक्त ज्यांनी बाहेरून यायचे त्यांनाच त्या गटात घालावे, त्याआधी आपण स्वतः त्या गटात आहोत ना, हे ‘आयडी’ आज्ञेने पाहून घ्यावे.

आता चालू असलेले सत्र बंद न करता चार तपासण्या कराव्यात. ‘सुडो एसएसएचडी’ला लहान टी चा पर्याय दिला की फाइलमधील लेखनाच्या चुका कळतात, काहीच उमटले नाही तर लेखन बरोबर आहे. त्याच आज्ञेला मोठा टी दिला की सर्व फायली वाचून झाल्यावर प्रत्यक्षात लागू होणाऱ्या किमतींची यादी मिळते, आणि वर सांगितलेला घोटाळा इथेच पकडला जातो. मग ‘सिस्टमसीटीएल रीलोड एसएसएच’ देऊन बदल लागू करावा आणि नव्या खिडकीतून दुसरे सत्र उघडून पाहावे. आधीची जोडणी या बदलाने तुटत नाही, म्हणून ती खिडकी हेच आपले परतीचे तिकीट आहे. शेवटी, आपल्या संगणकावरून ‘पबकीऑथेंटिकेशन’ बंद करण्याचा पर्याय देऊन मुद्दाम किल्लीशिवाय जोडणीचा प्रयत्न करावा. पासवर्ड न विचारता नकार आला पाहिजे आणि त्यापुढील कंसात फक्त ‘पब्लिककी’ हा शब्द असला पाहिजे.

पोर्ट २२ बदलून दुसरा घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने नोंदींमधला कचरा बराच कमी होतो एवढे खरे, पण शोधणाऱ्याला नवा पोर्ट सापडायला वेळ लागत नाही, त्यामुळे मी त्याला सुरक्षा म्हणणार नाही. उबुंटूच्या २२.१० आणि पुढच्या आवृत्त्यांवर हा बदल करायचाच असेल, तर तिथे ऐकण्याचे काम सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टमडीचे सॉकेट युनिट करते हे लक्षात ठेवावे. फाइल बदलल्यावर ‘डेमन-रीलोड’ देऊन सॉकेट पुन्हा सुरू केल्याशिवाय नवा पोर्ट लागू होत नाही.

फायरवॉल, आणि दहा मिनिटांची सुटका

आधी ‘एसएस’ आज्ञेला ‘-टीयूएलपीएन’ देऊन कोणती सेवा कोणत्या पोर्टवर ऐकत आहे ते पाहावे. नको असलेली सेवा फायरवॉलमागे लपवण्यापेक्षा काढून टाकलेली बरी, आणि डेटाबेस फक्त त्याच सर्व्हरला लागत असेल तर तो १२७.०.०.१ या पत्त्यावरच ऐकू द्यावा.

त्यानंतर ‘यूएफडब्ल्यू’ हे फायरवॉल चालवणारे साधन बसवून आधी एसएसएचला परवानगी द्यावी आणि मगच ते सुरू करावे. सुरू करण्यापूर्वी एक सुटकेची तरतूद करता येते: ‘सिस्टमडी-रन’ला ‘ऑन-ॲक्टिव्ह’ या पर्यायातून दहा मिनिटांची मुदत, ‘युनिट’ या पर्यायातून एखादे नाव आणि शेवटी ‘यूएफडब्ल्यू डिसेबल’ ही आज्ञा द्यावी. म्हणजे नियम चुकून आपण बाहेर पडलो, तरी दहा मिनिटांनी फायरवॉल आपोआप उतरतो. नवीन खिडकीतून जोडणी होत असल्याची खात्री पटली की त्याच नावाचा टायमर ‘सिस्टमसीटीएल स्टॉप’ने थांबवावा, तो थांबवायला विसरलात तर फायरवॉल चालू असल्याच्या समजुतीत राहाल आणि प्रत्यक्षात तो बंद असेल.

डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या ‘कंटेनर’मध्ये बंदिस्त करून चालवणारे साधन) वापरणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. कंटेनरचा पोर्ट बाहेर प्रकाशित केला की डॉकर स्वतःचे नियम घालतो आणि यूएफडब्ल्यूने नाकारलेला पोर्टही जगाला उघडा होतो. पोर्ट प्रकाशित करताना त्याच्या आधी १२७.०.०.१ हा पत्ता लिहिला तर हे टळते.

फेल२बॅन हे साधन वारंवार चुकणाऱ्या पत्त्यांना काही काळ अडवते. पासवर्ड बंद केल्यावर त्याची गरज पुष्कळ कमी होते, तरी बसवायचे असेल तर डेबियन १२ वर एक अडचण येते: तिथे ‘ऑथ डॉट लॉग’ ही जुनी फाइल मुळातच तयार होत नाही, त्यामुळे ती शोधणारे फेल२बॅन सुरूच होत नाही. ‘जेल डॉट लोकल’मध्ये एसएसएचडीच्या विभागात ‘बॅकएंड’ म्हणून ‘सिस्टमडी’ लिहावे आणि पायथनचे सिस्टमडी पॅकेज बसलेले आहे ना ते पाहावे.

अद्ययावत ठेवणे

आतापर्यंतचे सारे काम १ जुलै २०२४ रोजी अपुरे ठरले असते. त्या दिवशी क्वालिस या सुरक्षा-कंपनीच्या संशोधकांनी ओपनएसएसएचमधील ‘रिग्रेशन’ नावाची त्रुटी जाहीर केली. ती लॉगिनच्या आधीच्या टप्प्यात होती, त्यामुळे किल्ली की पासवर्ड याने तिला फरक पडत नव्हता, आणि यशस्वी हल्लेखोराला थेट रूटचे अधिकार मिळू शकत होते. खरा उपाय होता दुरुस्ती लगेच बसवणे. म्हणून ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ हे पॅकेज बसवून ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर’ने चालू करावे आणि ‘ड्राय-रन’ पर्यायाने एकदा चालवून पाहावे. डेबियनवर ते सुरक्षा-दुरुस्त्या स्वतःहून घेते. सर्व्हर मात्र स्वतःहून रीबूट करत नाही. कर्नल बदलला असेल तर ‘रन’ फोल्डरात ‘रीबूट-रिक्वायर्ड’ नावाची फाइल दिसते, तिच्याकडे अधूनमधून लक्ष द्यावे. जुन्या लायब्ररीवर चालत राहिलेल्या सेवा ‘नीडरीस्टार्ट’ दाखवून देते.

इथे तपासणीच्या वेळी हमखास उद्भवणारा एक वाद आधीच मिटवून ठेवावा. डेबियन स्थिर आवृत्तीत दुरुस्ती मागे नेऊन बसवते आणि मुख्य क्रमांक तोच ठेवते. त्यामुळे डेबियन १२ वर ओपनएसएसएच ९.२ च दिसते आणि केवळ क्रमांक पाहणारे स्कॅनर त्याला धोकादायक ठरवतात. पॅकेजच्या पूर्ण क्रमांकातील ‘डेब१२यू’पुढचा आकडा आणि डेबियनची सुरक्षा-सूचना दाखवली की प्रश्न सुटतो.

स्थिर आवृत्तीबद्दल मी आग्रही असण्याचे आणखी एक कारण मार्च २०२४ मधले आहे. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला डेबियनच्या विकासाधीन आवृत्तीवर एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे आढळले, आणि त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढताना एक्सझेड या संकोचन-लायब्ररीच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये पेरलेले चोरदार सापडले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ते पोहोचलेच नव्हते. सर्व्हरवर सर्वांत ताजे सॉफ्टवेअर हवे, ही हौस अशा वेळी महागात पडते.

नोंदी आणि घड्याळ

‘जर्नलसीटीएल’ला लहान यू बरोबर ‘एसएसएच’ दिले की लॉगिनच्या सर्व नोंदी दिसतात. नापास प्रयत्नांच्या गर्दीत वेळ घालवू नये. शोधावेत ते ‘ॲक्सेप्टेड’ने सुरू होणारे, म्हणजे यशस्वी झालेले. तिथे किल्लीचा ठसाही लिहिलेला असतो, त्यामुळे एकाच खात्यात दोन लॅपटॉपच्या किल्ल्या असल्या तरी कोणती वापरली गेली ते ओळखता येते.

भारतातील कंपन्या आणि सेवा-पुरवठादारांसाठी याला कायद्याचीही बाजू आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) यांच्या, अथवा त्यांच्याशी जुळवलेल्या, वेळ-सर्व्हरशी जुळलेली असावी लागतात. या नोंदी ठेवणारा जर्नल मात्र दिवस मोजत नाही, जागा मोजतो: मूळ मांडणीत तो डिस्कच्या १० टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ४ जीबी जागा घेतो आणि मग जुन्या नोंदी पुसतो. गजबजलेल्या सर्व्हरवर ही जागा १८० दिवस पुरेलच असे नाही. ‘जर्नलडी डॉट कॉन्फ’मध्ये ‘सिस्टममॅक्सयूज’ वाढवावे, आणि नोंदींची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर पाठवावी, कारण रूटपर्यंत पोहोचलेला घुसखोर जागेवरच्या नोंदी पुसू शकतो. घड्याळ जुळले आहे की नाही ते ‘टाइमडेटसीटीएल’ सांगते.

किल्ल्यांची झडती

दर तीन महिन्यांनी प्रत्येक खात्याची ‘ऑथोराइज्ड कीज’ फाइल उघडून ओळीच्या शेवटची टिप्पणी वाचावी. नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याची किल्ली, विकलेल्या लॅपटॉपची किल्ली, ‘तात्पुरती’ म्हणून घातलेली किल्ली अशा तिथे सापडतात. नुसता पासवर्ड बदलून किंवा खाते कुलूपबंद करून किल्ली निकामी होईल असे धरून चालू नये. ओळच काढावी लागते. बॅकअपसारख्या यंत्रांच्या किल्लीला पासफ्रेज ठेवता येत नाही, म्हणून तिच्या ओळीच्या सुरुवातीला ‘रिस्ट्रिक्ट’ आणि ‘कमांड’ हे शब्द वापरून ती एकाच आज्ञेपुरती बांधून टाकावी.

फार जुन्या किल्ल्या सरळ बदलाव्यात. मे २००८ मध्ये उघड झाले की डेबियनच्या ओपनएसएसएलमधील एका दुरुस्तीमुळे २००६ पासून तयार झालेल्या किल्ल्यांमधली यादृच्छिकता जवळजवळ नाहीशी झाली होती, आणि एका प्रकारच्या व लांबीच्या किल्ल्या बत्तीस हजारांच्या आसपासच उरल्या होत्या. किल्ली दिसायला अगदी नेहमीसारखी होती. चावी बनवणाऱ्याकडे साचेच थोडे होते, इतकेच.

सर्व झाल्यावर, भर दुपारी आणि कन्सोल उघडा ठेवून, सर्व्हर एकदा रीबूट करावा. तो वर आल्यावर किल्लीने लॉगिन होते का, ‘यूएफडब्ल्यू स्टेटस’ चालू दाखवतो का आणि मोठ्या टी च्या यादीत पासवर्डपुढे अजूनही ‘नो’ आहे का, हे पुन्हा पाहावे. क्लाउड-इनिटने सुरुवातीच्या वेळी आपली फाइल परत लिहिली असेल तर ते याच वेळी समोर येते.